सोनोने गुरुजींची पाचवी

आमच्या घरी इंग्रजी आलं ते मेथीच्या जुड्यांबरोबर. बाजाराच्या आदल्या दिवशी दुपार कलली की बाबा मळ्यातून मेथी, पालक आणि सांबार आणून ओसरीवर ओतायचे. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. हे मला पुढं पुण्याच्या एका खाणावळीत चारचौघांत हसू झाल्यावर कळलं. त्या हिरव्या ढिगामागं माय बसायची, शेजारी पाण्यात भिजवलेला अंबाडीचा वाख, आणि तिच्यासमोर पोत्यांवर रोजच्यासारखी गल्लीतली दहा-बारा पोरं, पाचवीतली. पोरं एका सुरात ओरडायची, ‘सी ए टी कॅट, कॅट म्हंजे मांजर! आर ए टी रॅट, रॅट म्हंजे उंदीर!’ आणि मायचे हात त्या चालीवर चालायचे. अक्षरं सुरू झाली की मूठभर मेथी उचलायची, ‘कॅट’ला वाख गुंडाळायचा, ‘मांजरा’ला गाठ. एक शब्द, एक जुडी. पोरं थांबली की तिचाही हात अडायचा. “काऊन रे थांबले? माही जुडी अर्धी राह्यली ना,” असं ती ओरडायची. मोताळ्याच्या बाजारात आमची मेथी घेणाऱ्या बायांना कधी कळलं नसेल, की त्यांच्या भाजीत किती मांजरं आणि किती उंदीर बांधलेले होते.

हे शिकवणारा मास्तर मी. वय पंधरा, इयत्ता दहावी. रोज मोताळ्याच्या हायस्कुलात पायी जाऊन येणारा आमच्या आळीतला पहिला मुलगा, आणि हे पहिलेपण मी गळ्यात घंटी बांधल्यासारखं गावभर वाजवत फिरत होतो. गावात कुणाकडे तार आली की वाचायला मला बोलावत. तार म्हणजे बहुधा मरणच असायचं, त्यामुळं इस्त्रीचा सदरा घालून मी गल्लीत शिरलो की बाया आधी पदर तोंडाला लावायच्या. मला तो मान वाटायचा. आज हे लिहिताना कान गरम होतात. पण लिहायचंच ठरवलंय, तर तेवढं होऊ द्यावं.

त्या काळात नुकतंच पाचवीपासून इंग्रजी सुरू झालं होतं. हुकूम वरून आला आणि गावच्या शाळेत येऊन सोनोने गुरुजींच्या डोक्यावर पडला. गुरुजी जुन्या मराठी सातवीची फायनल पास, नॉर्मल स्कूलचा कोर्स केलेले. धोतर, काळी टोपी, आणि अक्षर असं की त्यांनी फळ्यावर लिहिलेलं पुसायला पोरं धजत नसत. आमच्या बाबांनाही त्यांनीच अक्षर शिकवलं होतं, मलाही. गावातला प्रत्येक माणूस आपली सही करायचा ती त्यांच्या वळणाची. फक्त इंग्रजीचं एकही अक्षर त्या माणसाच्या वाटेत जन्मात आलं नव्हतं. सरकारनं त्यांना पंधरा दिवसांच्या शिबिराला पाठवलं आणि ते एक वही घेऊन परत आले. वहीत पुस्तकातला प्रत्येक इंग्रजी शब्द चित्रासारखा उतरवलेला, पुढं त्याचा उच्चार आणि अर्थ देवनागरीत, मोत्यासारखा. त्या वहीच्या जोरावर त्यांनी पाचवी धरून ठेवली होती. दुसरे मास्तर तरुण होते, त्यांच्याकडे पहिली ते तिसरी. इंग्रजी जमत नाही असं तपासणीत दिसलं तर अदलाबदल होणार, हे उघड होतं. वरच्या वर्गाचा मास्तर म्हातारपणी पहिलीवर आला की गाव त्याला काय म्हणतं, हे गुरुजींना चांगलं माहीत होतं. असेच खाली आलेल्या आधीच्या मास्तरांना गावानं ‘बाराखडी मास्तर’ म्हणून बेजार केलं होतं, आणि तेव्हा गुरुजीही हसले होते म्हणे.

पावसाळा सुरू झाला आणि एके दिवशी गुरुजी आमच्या ओसरीवर आले.

“वासू, पोट्टे घरी कसा अभ्यास करतात ते पाहावं म्हटलं. शायेतलं शायेत राहाते, घरी कोन पाहाते?”

मायनं बाज टाकली, वर घोंगडी अंथरली. गुरुजी बसले. दुसऱ्या दिवशी परत आले. मग रोजच. चार-सहा दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की गुरुजी पोरांकडे पाहतच नाहीत. ते माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहतात. पोरं ओरडत तेव्हा त्यांचे ओठ हलत, आणि धोतराच्या आड उजव्या हाताचं बोट मांडीवर काहीतरी गिरवत असे. माझ्या गुरुजींना मी शिकवत होतो! हे कळलं त्या दिवशी मला भाकरी गेली नाही, इतका मी आनंदानं फुगलो होतो. मायला मी कोपऱ्यात गाठून सांगितलं. ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, “मले पहिल्याच दिशी समजलं. तू बोलू नोको कोठी.” पुढं मी नीट पाहिलं, तर पोरं एखाद्या अवघड शब्दाशी आली की माय नेमका तेव्हाच गुळाचा चहा आणायची. “गुरुजी, घ्या,” म्हणायची, आणि पोरांना, “थांबा रे, गुरुजीचा चहा होऊ द्या, मंग पुन्हा तेच म्हना.” म्हणजे तो शब्द गुरुजींच्या कानावरून दोनदा जायचा. माझ्या आईला अक्षर वाचता येत नव्हतं. शिकवायचं कसं हे मात्र तिला माझ्याआधी येत होतं.

गुरुजींची शिकण्याची रीत पाढ्यांची होती. त्यांनी आयुष्यभर तसंच शिकवलं आणि तसंच शिकले. शब्द त्यांना येत ते ओळीनं, चालीवर. कॅटनंतर रॅट, रॅटनंतर मॅन, मॅननंतर पॅन. मधलाच एखादा शब्द विचारला तर ते मनात पहिल्यापासून चाल धरत त्या शब्दापर्यंत येत. अठरा साती विचारल्यावर आपण अठरा एकेपासून निघतो तसे. शाळेतही ते शब्द फळ्यावर वहीतल्या क्रमानंच लिहीत आणि छडी वरून खाली सरकवत नेत. पोरं ओरडत, छडी सरके, कुणालाच काही उणं दिसत नसे. माझी धाकटी बहीण कमल त्या वर्गात होती. तिनं एकदा मला विचारलं होतं, “दादा, गुरुजी खालून वर काऊन नाही जात?” मी हसलो होतो. ती हसली नव्हती.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं. सरपंचांनी पाचवीच्या पोरांना उभं केलं आणि पोरांनी चाळीस स्पेलिंगं एका दमात म्हणून दाखवली. गाव थक्क झालं. एक म्हातारा म्हणाला, “आयकलं का बे? गोऱ्या सायबावानी बोलून राह्यले पोट्टे!” सरपंचांनी गुरुजींच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. मी पुढच्या रांगेत भांग पाडून उभा होतो. आता गुरुजी बोलतील, आता माझं नाव घेतील, मग मी कसं मान खाली घालून हसायचं, हे मी आदल्या दिवशी विहिरीच्या पाण्यात तोंड पाहून ठरवलं होतं. गुरुजी बोलले. पोरांच्या मेहनतीबद्दल बोलले, आईबापांबद्दल बोलले, देशाबद्दल बोलले. बोलताना त्यांची नजर एकदा माझ्यावर आली आणि पुढं सरकली. त्या नजरेत विनवणी होती हे मला आज दिसतं. तेव्हा मला फक्त हार दिसला.

त्यानंतर मी जे केलं त्याला मी पुष्कळ वर्षं ‘नवी पद्धत’ म्हणत असे. पुढं मी इंग्रजीचा मास्तर झालो, आणि ही गोष्ट मी प्रशिक्षणांतून माझ्या कल्पकतेचं उदाहरण म्हणून दोनदा सांगितलीसुद्धा. अर्थात शेवट गाळून. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे मी पत्ते कापले, एकेकावर एकेक शब्द लिहिला, आणि पत्ते पिसावे तसे पिसून पोरांपुढं धरू लागलो. पोरांना खेळच मिळाला. आठवड्याभरात ती कुठूनही काढलेला शब्द ओळखायला लागली, आणि त्यांच्याकडून तो खेळ वर्गातल्या बाकीच्या पोरांनीही उचलला. ही खरोखर चांगली पद्धत होती, हीच पंचाईत आहे. वाईट हेतूनं मी आयुष्यात केलेलं हे एकमेव चांगलं शिकवणं असावं. मायची लय मात्र मोडली. पोरं आता एका सुरात ओरडत नव्हती, आणि जुड्या लहानमोठ्या व्हायला लागल्या. बाजेवर गुरुजींचं बोट मांडीवर थांबलं.

“वासू,” एकदा ते दबक्या आवाजात म्हणाले, “हे उलटंपालटं कायले करून राह्यला? सुधं जाऊ दे ना.”

“गुरुजी, हायस्कुलात असंच असते. तपासनीतबी असंच इचारतात,” मी म्हणालो. हायस्कुलात तसं काही नव्हतं, आणि तपासणी मी जन्मात पाहिली नव्हती.

“असं का,” ते म्हणाले. मांडीवरचं बोट मुठीत मिटून म्हणाले, “मंग बरोबर हाय तुहं.” त्या दिवशी चहा अर्धा ठेवून ते उठले. तरी दुसऱ्या दिवशी आले. दिवाळी झाली, थंडी पडली, ओसरीपुढं तुरीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत व्हायला लागलं. त्या धुरात गुरुजी डोळे बारीक करून पत्त्यांकडे पाहत बसायचे. मी पत्ते जरा लवकरच फिरवायचो.

तपासणीला साहेब आले त्या दिवशी मी हायस्कुलात गेलो नाही. ‘सुट्टी हाय’ असं मायला सांगितलं आणि शाळेच्या खिडकीशी, इतर बघ्यांत उभा राहिलो. आत गुरुजींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. फळ्यावर शब्द क्रमानं मांडलेले. छडी सरकली, तीस पोरं एका सुरात निघाली, साहेब मान हलवत होते. मग साहेबांनी काहीच दुष्टपणा न करता, केवळ रीत म्हणून, फळा पुसला आणि स्वतः पाच-सहा शब्द लिहिले, मनात येतील तसे. “गुरुजी, विचारा एकेकाला,” असं म्हणून ते टेबलापाशी बसले आणि हजेरीपत्रक चाळू लागले.

गुरुजींनी छडी पहिल्या शब्दावर ठेवली आणि कमलला उभं केलं. तिनं अक्षरं म्हटली, शब्द म्हटला, अर्थ सांगितला. सगळं बरोबर. पण गुरुजींच्या मनात चाल पहिल्यापासून सुरू झाली होती, आणि त्या चालीत पहिल्या जागी हा शब्द नव्हता.

“चूक,” ते म्हणाले. “नीट पाहा.”

कमलनं फळ्याकडे पाहिलं. मग गुरुजींकडे पाहिलं. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण एवढ्या वेळात माय एक जुडी सहज बांधती. मग ती म्हणाली, “चुकलं, गुरुजी,” आणि खाली बसली. वर्गात तीस पोरं होती. तिसांनाही तो शब्द येत होता. एकही बोललं नाही. साहेबांचं डोकं हजेरीपत्रकातच होतं. त्यांच्या कानावरून ते गेलंसुद्धा नव्हतं. आणखी दोन मिनिटांत ते उठले असते, चहा झाला असता, पुढचं गाव.

“बरोबर हाय ते!” मी खिडकीतून ओरडलो. “कमलचं बरोबर हाय, साहेब!”

साहेबांनी मान वर केली. “कोण रे तू?”

यासाठी मी एक वाक्य तयार ठेवलं होतं. हायस्कुलाच्या वाटेवर ते मी बाभळींना शंभरदा ऐकवलं असेल. “सर, आय टीच देम ॲट होम,” मी म्हणालो.

साहेब खूश झाले. त्यांनी मला आत बोलावलं, मला पोरांना विचारायला लावलं. पोरं मान खाली घालून, पण बरोबर उत्तरं देत गेली. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग सहज वळून म्हणाले, “गुरुजी, आता हा मधला शब्द तुम्ही वाचा बरं.”

गुरुजी फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. छडी हातात तशीच. त्यांच्या मानेवरची टोपीची रेघ मला दिसत होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच सुरू केलं, ‘सी ए टी कॅट, कॅट म्हंजे मांजर...’ दुसऱ्यानं धरलं, मग चौघांनी, मग सगळ्यांनी, अगदी खालच्या आवाजात, पहिल्यापासून. गुरुजींना त्या शब्दापर्यंत पोचता यावं म्हणून तीस पोरं चाल देत होती. गुरुजींचे ओठ हलायला लागले.

“चूप!” साहेब म्हणाले.

पोरं थांबली. मधला शब्द लांबच राहिला होता.

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं, पाठीवरच्या थापेसकट. ती वांगी निवडत होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, “खरं बोलला ना तू?”

“हाव.”

“मंग बस. भाकर खाय.” आणि तिनं ताट वाढलं. भरतावर कच्चं तेल घालायला ती कधी विसरत नसे, त्या दिवशीही विसरली नाही. मी खात होतो आणि ती माझ्याकडे न पाहता वांग्यांत किडकं शोधत होती. कमल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

“तुले येत होतं,” मी म्हणालो. “मंग चुकलं काऊन म्हनली?”

“आमी तीस होतो, दादा,” ती म्हणाली. “गुरुजी एकले होते.”

ती तेव्हा दहा वर्षांची होती. मी आता पन्नाशी ओलांडली आहे, आणि प्रशिक्षणांतून ही गोष्ट सांगितली तेव्हा तिचं हे वाक्यही मी गाळलं.

पुढच्या सोमवारपासून गुरुजी पहिलीवर गेले आणि तरुण मास्तर पाचवीवर आले. बदली झाली नाही, पगार तोच, साहेबांनी शेराबुकात कडक काही लिहिलंही नाही म्हणे. आठवड्यात गावात ‘बाराखडी’ हा शब्द परत फिरायला लागला. गुरुजी आता आमच्याकडे येणार नाहीत हे मी गृहीत धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचंही वाटत होतं. त्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी ते आले. मायनं घाईनं बाज टाकली. गुरुजी बाजेवर बसले नाहीत. पोरांत, पोत्यावर, कमलच्या शेजारी मांडी घालून बसले. पिशवीतून पहिलीच्या पोरांची असते तशी पाटी काढली, पेन्सिलीचा तुकडा काढला.

“वासू,” ते म्हणाले. आवाज साधाच होता, वर्गात हजेरी घेताना असायचा तसा. “आता लपवाचं काय राह्यलं? मले पहिल्यापासून शिकव. तुह्या त्या पत्त्यानं शिकव.”

पोरं माझ्याकडे पाहत होती. मायचा हात वाखावर थांबला होता. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, कान धरला असता, तर मी रडून मोकळा झालो असतो, आणि हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. खिडकीतून ओरडलो ते खरं होतं, असं मी स्वतःला आजही समजावू शकतो. पण त्या पाटीसमोर बसायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हणालो, “गुरुजी, मले जमनार नाही. माही परीक्षा हाय.” आणि आत निघून गेलो.

आत कंदिलापाशी मी भूमितीचं पुस्तक उघडलं. बाहेरून कमलचा आवाज आला, “गुरुजी, हा पत्ता पाहा. नाही नाही, चाल नका म्हनू. नुसतं पाहा.” पाटीवर पेन्सिल किरकिरली. “असं नाही, पोट उजवीकडं. हां, आता बरोबर.” पोरं हसली, गुरुजीही हसले. मग एका शब्दावर दोघंही अडली. कमललाही तो येत नव्हता. तो पुढच्या धड्यातला असावा. तिनं तिथूनच हाक मारली, “दादा! ए दादा, हे काय हाय, सांग ना!”

मी पुस्तकावरून मान वर केली. उत्तर माझ्या तोंडात आलं होतं.

“राहू दे, बाई,” गुरुजींचा आवाज आला, खालचा, समजावणीचा. “त्याले त्रास नोको देऊ. त्याची परीक्षा हाय.”

माझी परीक्षा एप्रिलात होती. तेव्हा पौष चालू होता, आणि सोनोने गुरुजी मास्तर होते.